दुसऱ्या गाठीपर्यंत

"अर्धी पानं त्यांची, नि कंबर मोडायची माझी." भिंतीपलीकडे कल्पिता कुणाशी तरी फोनवर बोलत होती. "नाही गं, स्वभावाने चांगलेच आहेत काका. पण अंगणात कुणाला झाडूच देत नाहीत. त्यांच्या कामवाल्या नंदाने नुसता खराटा हातात घेतला तर म्हणे, ठेव तो खाली. आता ज्याला दिसत नाही त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं, की बाबा रे, तुझ्या दारात गुडघाभर पाचोळा झालाय?"

भिंतीच्या अलीकडे, हातभर अंतरावर, प्रभाकरराव दोरीवरचा टॉवेल चाचपत उभे होते. ज्याला दिसत नाही त्याला ऐकूही जरा कमीच येत असावं, अशी लोकांची एक समजूत असते. छत्तीस वर्षांत त्यांना तिचा फायदाच झाला होता. त्यांनी टॉवेल ओढला, घडी घातली आणि गुपचूप परत फिरले. पण फिरायचं ते पाचोळ्यातून, आणि वाळलेली बदामाची पानं काही कुणाची भीड ठेवत नाहीत. दुसऱ्याच पावलाला ती पापडासारखी मोडली.

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. मग वर.

"काका, तुम्ही होय? थालीपीठं लावतेय, पाठवू का दोन?"

"पाठव की. फक्त आणणाऱ्याला सांग, गुडघाभर आहे."

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या निवासी भागातलं हे बैठं घर प्रभाकररावांनी आणि सरोजताईंनी मिळून बांधलेलं. बदामाचं झाड सरोजताईंनी लावलेलं, आणि लावलं म्हणून एकतीस वर्षं त्याखाली झाडलंही त्यांनीच. प्रभाकररावांची नजर त्याआधीच, चौतिशीत, कडेकडेने विझत गेली होती. बँकेने त्यांना ठाण्याच्या शाखेत टेलिफोनच्या बोर्डावर बसवलं, तिथे ते निवृत्तीपर्यंत बसले. साहेब चिडलेत की नुसतेच भुकेलेत, हे 'हॅलो'वरून सांगायचे. कान म्हणजे प्रभाकर, असं शाखेत म्हटलं जाई, आणि तेवढा एक अभिमान त्यांनी आयुष्यभर बाळगला.

गेल्या वर्षी माघात सरोजताई सकाळी अंगण झाडताना झाडाखाली पडल्या. इस्पितळात नेईपर्यंत संपलं होतं. "क्षणात गेल्या हो," शेजारी म्हणाले. "क्षणात," डॉक्टर म्हणाले. मुलगी आसावरी तर वर्षभर दुसरं काही बोललीच नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण हा शब्द फळांच्या पिशवीसारखा हातात घेऊन यायचा, नि प्रभाकरराव तो ठेवून घ्यायचे. "हो," म्हणायचे. पुढे कुणी काही विचारत नसे, तेही सांगत नसत.

फक्त अंगणात त्यांना खराट्याचा आवाज चालेना. वर्षात तीन बायकांनी काम सोडलं. आता नंदा घरातलं करायची, उंबऱ्याबाहेर हात लावायची नाही. बायकोची आठवण येत असेल बिचाऱ्यांना, असं आळीने ठरवून टाकलं. पावसाळ्यात पानं कुजून जिरली, थंडीत झाड पुन्हा नव्याने मोकळं झालं, आणि यंदा पाचोळा पायऱ्यांवर चढला.

आसावरी ठाण्याला वर्तकनगरात राहायची, शाळेत शिकवायची आणि घरीही थोडं शाळेतल्यासारखंच बोलायची. "होळीपर्यंत मुदत," ती म्हणाली. "अंगण स्वच्छ दिसलं नाही तर घराला कुलूप, नि तुम्ही माझ्याकडे. उद्या पायरीवर घसरलात तर? माझ्याकडे सातव्या मजल्यावर पान पडत नाही."

"म्हणून तर नको."

"मग बाई ठेवा."

"मशीन घेऊ," प्रभाकरराव म्हणाले. "हवा मारून पानं उडवायचं. मी स्वतः करीन. केलं, तर तू परत कुलपाचं नाव काढायचं नाहीस."

आसावरी कशीबशी 'बरं' म्हणाली, पण ती शब्दाची पक्की. शनिवारी ती त्यांना नौपाड्यातल्या एका हत्यारांच्या दुकानात घेऊन गेली.

दुकानदार रवींद्र तिच्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, काकांना झेपेल ना वजन?"

"काकांनाच विचारा. इथेच आहेत ते."

रवींद्रने पुढे ठेवलेले दोन्ही ब्लोअर प्रभाकररावांनी बाजारात नारळ पारखावा तसे पारखले. एकेका हातात धरून मनात पन्नासपर्यंत मोजलं, मनगट कधी कुरकुरतं ते पाहिलं. बटण अंगठ्याने शोधलं. "बोट काढलं की बंद होतो? हं. आणि नळीचं तोंड कुठे आहे ते हाताला कळायला हवं. नाहीतर स्वतःचाच पायजमा उडवायचो."

रवींद्र हसला आणि तेव्हापासून त्यांच्याशीच बोलायला लागला. "काका, हा बॅटरीवाला घ्या. वायर नाही, पायात येणार नाही. आणि एकदम शांत. तुमचं सगळं कानावर ना, म्हणून सांगतो."

"आणि वायरचा?"

"तो लई बोंबलतो. चालू असला ना, बाजूला कोणी पडलं तरी कळायचं नाय."

आसावरीच्या बांगड्या एकदम गप्प झाल्या. रवींद्रला बिचाऱ्याला काय ठाऊक.

"तोच द्या," प्रभाकरराव म्हणाले.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, "उलटं घेतलंत, बाबा. ज्याने तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही ते घेतलंत."

"वायर हातात असली की परतीची वाट हातात असते."

"मी वायरचं नाही बोलत."

"सिग्नल लागला का?" त्यांनी विचारलं. गाडी तर धावत होती.

पहिल्या दिवशी पानं भिंतीवर आपटून उलटी त्यांच्याच तोंडावर आली. दुसऱ्या दिवशी तुळशीतली निम्मी माती उडाली. तिसऱ्या दिवशी कल्पिताच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर पाचोळ्याचा वर्षाव झाला, आणि तिने भिंतीवरून डोकावून जे सांगितलं ते मशीनच्या घरघरीत त्यांना सुदैवाने ऐकू आलं नाही.

चौथ्या दिवशी ते डोकं लावून बसले. पायजम्याच्या जुन्या नाड्या कापून त्यांनी वायरवर बांधल्या: एक गाठ म्हणजे तुळस, दोन गाठी म्हणजे बदामाचा बुंधा, तीन म्हणजे झाडामागची भिंत. चपला काढून ठेवल्या, कारण झालेलं आणि राहिलेलं तळव्यांना कळतं. घराकडे पाठ करायची, चार पावलं हवा मारायची, बटण सोडायचं, पायाने चाचपायचं, पुन्हा चार पावलं. वारा कुठून येतो ते आधी गालाला विचारायचं. पंधरा दिवसांत फाटकाशी पानांचा रोज एक ढीग लागू लागला. नंदा तो गोणीत भरायची, कुरकुरत, पण भरायची.

"काका, आमच्यापेक्षा स्वच्छ झालं की तुमचं," कल्पिता म्हणाली. एवढं आयुष्यात कुणी त्यांच्या टेलिफोनचं कौतुक केलं नव्हतं.

होळीच्या आदल्या रविवारी आसावरी आली. फाटकापासून पायरीपर्यंत अंगण तिने तपासणीला आल्यासारखं पाहिलं.

"फरशी दिसतेय हो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा ओला झाला. "हरले मी. राहा इथेच."

प्रभाकरराव ओट्यावर खुर्चीत बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. तेवढ्यात तिची पावलं झाडाकडे गेली, बुंध्याला वळसा घातला आणि थांबली.

"बाबा, इथे मागे तर तसंच आहे. गुडघ्याच्या वर. इथे कधी आलाच नाहीत?"

"वायर पुरत नाही."

आसावरीने वायर हातात घेऊन पाहिली असावी. "दुसऱ्या गाठीच्या पुढे दहा हात उरलीय."

त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"बरं, राहू दे. मी करते. पाच मिनिटांचं काम."

मोरीमागून तिने खराटा आणला. नको म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोवर तिने सुरुवातही केली होती. वर्षानंतर अंगणात तो आवाज उठला. खर्र. खर्र. एका लयीत, थोडा डावीकडे जड, अगदी आईसारखा हात. प्रभाकररावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

मग आवाज थांबला.

त्याच्यामागून पानं वाजली. हलकी, सरपटल्यासारखी.

"आसावरी."

पानं वाजतच राहिली.

"आसावरी, बोल. काहीतरी बोल."

ते उठले, काठी न घेता, पायऱ्या न मोजता. शेवटची पायरी चुकली, हात टेकले, पुन्हा उठले. बुंध्यावर खांदा आपटला. आणि मग मुलीचा दंड हाताला लागला, उभा, गरम. त्यांनी तिचा खांदा चाचपला, मान, चेहरा.

"अहो बाबा, इथेच आहे मी. घमेल्यात भरतेय पानं. काय झालं? गुडघा फुटलाय तुमचा."

तिने त्यांना धुण्याच्या दगडावर बसवलं, पदराने गुडघा दाबून धरला. त्यांचा श्वास लागला होता. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि वर्षभराच्या सवयीने तोच शब्द तिच्या तोंडी आला.

"आईचं असं मनाला लावून घेऊ नका, बाबा. क्षणात गेली ती. तुम्हाला काय करता आलं असतं?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच. डॉक्टरसुद्धा..."

"डॉक्टर होते इथे?"

तिचा हात पाठीवर थांबला. म्हणजे तिलाही कुठेतरी शंका होतीच.

"खराटा थांबला की मी चहा ठेवायचा," प्रभाकरराव म्हणाले. "आमचं तसं ठरलेलं होतं. हाक मारायची नाही, सांगायचं नाही. त्या दिवशी थांबला. मी आत गेलो. आलं किसलं. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभा राहिलो. दोन कप घेऊन बाहेर आलो, नि येत नाही म्हणून बसून चिडलो तिच्यावर."

"बाबा..."

"स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आसावरी. क्षणात नाही गेली ती. चहा उकळेपर्यंत पानं वाजत होती. मला वाटलं, हाताने गोळा करतेय."