एक पट्टा हिरवा, एक लाल

बसा असे जवळ. एकमेकांना पाण्यात बघणाऱ्या दोन माणसांची गोष्ट सांगतो. पण शेवटपर्यंत बसायचं. अर्ध्यावर उठलात तर दोघांतल्या एकाला उगाच शिव्या घालत घरी जाल.

तर, कप्तानानं कागद असा आपटला की मेव्हण्याच्या कपातला चहा टेबलभर झाला.

"हे चित्र तू काढलंस?"

"मशीननं काढलं. मी नुसतं साफ केलं," मेव्हणा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

"साफ! दिवसभर उंदीर हलवतोस, आणि माझ्या तेवीस वर्षांवर बोळा फिरवतोस?"

कप्तान म्हणजे शेतावरचं गहू कापायचं मोठं मशीन चालवणारा. मेव्हणा म्हणजे मालकाच्या बायकोचा भाऊ. शिकला भरपूर, टिकला कुठंच नाही, शेवटी बहिणीच्या घरी आला आणि ऑफिसात कॉम्प्युटरपुढं बसला. मशीन कापत चाललं की कुठं किती दाणा निघाला, याची सेकंदासेकंदाला नोंद होते. त्या हजारो ठिपक्यांतला कचरा काढून मेव्हणा नकाशा करायचा. भरघोस पिकलं तिथं हिरवा, कमी तिथं लाल. यंदा मोठ्या रानाचा नकाशा गादीच्या कापडासारखा आला. एक पट्टा हिरवा, एक लाल, पुन्हा हिरवा, पुन्हा लाल.

मालकानं बघितला आणि ठरवून टाकलं. परतताना कप्तान मशीन पळवतो, दाणा भुसकटाबरोबर मागं उडतो. उरलेलं रान नवा ड्रायव्हर कापेल. सोमवारपासून.

"तुझ्या दाजींना सांग, नकाशा खोटा आहे."

"ठिपके खोटं बोलत नाहीत."

"मग कोण बोलतो, मी? स्वतः आयतं गिळायचं आणि दुसऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा!"

दार असं आदळलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

मेव्हण्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. आता याला दाखवतोच, म्हणून त्यानं सगळं मुळापासून काढलं. वळणावरचे ठिपके उडवले. पात्यानं गहू कापल्यापासून दाणा टाकीत पडेपर्यंत बारा सेकंद जातात, म्हणून एकेक ठिपका तेवढा मागं सरकवला. मग वेग बघितला. जाताना जेवढा, परतताना तेवढाच. खरं सांगायचं तर त्याला वाईटच वाटलं.

मग त्यानं पट्ट्यांमधलं अंतर मोजलं. मशीनचं तोंड वीस फुटांचं. जातानाचा पट्टा आधीच्यापासून बरोबर वीस फुटांवर, परततानाचा पंधरा. अख्ख्या रानात असंच. म्हणजे परतताना पाच फूट तोंड कापलेल्या रानावरून रिकामंच फिरत होतं, आणि सॉफ्टवेअर वीस फूट धरून तो पट्टा लाल करत होतं. दाणा कुठंच गेला नव्हता.

पण इतका मुरलेला गडी दर खेपेला पाच फूट फुकट का घालवेल? मेव्हण्यानं खुर्चीतच दोन्ही हात पसरले, मशीनच्या तोंडासारखे. जाताना, जिच्या अंदाजानं मशीन हाकायचं ती कापलेल्या रानाची कड उजव्या हाताला. परतताना डाव्या. त्यानं तळव्यानं डावा डोळा झाकला, तशी डावी बाजू दिसेनाशी झाली.

शेडमध्ये कप्तान पात्यांना ग्रीस लावत होता. मेव्हणा त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला, अगदी हातभर अंतरावर. कप्तान ग्रीस लावतच राहिला.

"कधीपासून?"

ग्रीसचा डबा खाली पडला. कप्तानानं अख्खी मान वळवून त्याच्याकडं बघितलं आणि काय ते समजला.

"मागच्या कापणीनंतर गेला. जा, पळ. दाजींना सांग, ताईला सांग, चौकात ओरड."

"उजव्यानं दिसतं ना नीट?"

"तुझं थोबाड दिसतंय. बघवत नाही, पण दिसतंय."

मेव्हणा परत गेला, परततानाच्या पट्ट्यांना पंधरा फूट भरले आणि नवा नकाशा दाजींपुढं ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवा.

"दाजी, त्या ड्रायव्हरला नको म्हणून कळवा. रुंदी मी चुकीची भरली होती."

दाजींनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या पिढ्या शेजारी बसलेल्या ताईच्याही होत्या, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"चार आकडे धड भरता येत नाहीत? तुझ्यामुळं जुना माणूस घालवून बसलो असतो!"

ताईनं मान खाली घातली. मेव्हण्यानं नाही.

"उद्यापासून मशीनवर बसतो," तो म्हणाला. "डाव्या सीटवर. रुंदी तिथंच बघून लिहीन."

"बस! जरा धूळ खा."

सकाळी त्याला केबिनमध्ये चढताना बघून कप्तानानं दातओठ खाल्ले.

"पाय आवर. आणि उपकार केले असं कुठं बोललास, तर ढकलून देईन."

"ढकल. मग डावीकडचं स्टिअरिंगला विचार."

पहिला पट्टा कप्तानानं सरळ कापला. परतताना मेव्हणा काचेबाहेर बघत म्हणाला, "उजवीकडं घे. तीन हात."

"कळतं मला."

पण स्टिअरिंग फिरलं.

पुढचा हंगाम आला, तरी दोघांचं पटत नाही. भांडण बांधापर्यंत ऐकू येतं. मालकाला वाटतं, मेव्हणा अजून शिक्षा भोगतोय. वाटू दे. तुमच्याकडं मागणं एवढंच, की कधी त्या रानाकडं गेलात आणि कप्तानाशी बोलायचं झालं, तर उजव्या अंगानं जा. मुद्दाम गेल्यासारखं नको, आपलं सहज.