हरणीचा पोळा

पोळा बैलांचा असतो, हे दिग्रसजवळच्या त्या तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खेमसिंगलाही होतं. पण त्याच्या दारी बैल नव्हता. बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, आणि वंशाला उरली ती हरणी नावाची एक म्हातारी घोडी. तेव्हा साठ सालच्या पोळ्याला त्यानं हरणीच्या शिंगांना, म्हणजे शिंगं नसल्यामुळे कानांना, गेरू लावला, गळ्यात घुंगरमाळ घातली आणि तिला घरोघर फिरवलं. दारी आलेलं जनावर रिकाम्या तोंडी पाठवायचं नाही, हा रिवाज. घराघरानं पुरणपोळी चारली.

"मले दोन वर्सांत लुगडं नाही, अन् सवतीले घुंगरू!" त्याची बायको मानीबाई म्हणाली. घोडीला ती पहिल्या दिवसापासून सवतच म्हणत असे.

रात्र उलटली आणि सकाळी हरणी घामाघूम होऊन लोळू लागली. शेजारचा भावसिंग धावत जाऊन दिग्रसहून ढोरांचे डॉक्टर विठ्ठलराव यांना घेऊन आला. त्यांनी घोडीचा ओठ उचलला. हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या.

"खेमसिंग, ही नुसती पोटदुखी नाही. पोटात खाणं आंबलं की आतले जंतू मरतात अन् त्यांचं विष रक्तात उतरते. काय खाल्लं हिनं?"

"पुरणपोळी, साहेब."

"किती?"

"आमी तं एकच देल्ली," तांडा एका सुरात म्हणाला.

डॉक्टरांनी नाकातून पोटात नळी घातली. त्या एकेका पोळीचं जे बाहेर आलं, त्यात एक लग्न उरकलं असतं. वर जवारीचे दाणे.

"दाणा कोणी चारला? खरं सांगा. दाण्याचं विष खुरांत उतरलं तर घोडी जगूनही उभी राहणार नाही."

सगळ्यांना एकदम आभाळात काहीतरी दिसलं.

"म्या," मानीबाई म्हणाली. "टोपलंभर."

खेमसिंग बघतच राहिला. "काहून वं?"

"साऱ्या तांड्यात जेवून आली, अन् आपल्याच घरी उपाशी राह्यली असती? सवत असली तरी सणाची हाय."

डॉक्टरांनी नळीतून तेल पाजलं, मानेच्या शिरेत सलाईन लावलं आणि हुकूम सोडला: घोडी नाल्यात उभी करा, खुरं गार राहू द्या.

खेमसिंग पाण्यात बाटली उंच धरून उभा राहिला. हात भरून आले. दोन शब्द सुनावावेत म्हणून त्यानं मान वळवली, तर मानीबाई लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात, हरणीच्या मानेला मिठी मारून शिव्या देत होती. "मर, मरून तं पाह्य! तुले सोडतो का मी!" तिच्या गालावरून जे ओघळत होतं, ते नाल्याचं पाणी नव्हतं. नाला तेवढा उंच नव्हता. खेमसिंगनं बाटली आणखी वर धरली.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं, तेव्हा हरणीनं शेपटी उचलली आणि लीद टाकली. खेमसिंगनं जन्मात इतकी देखणी वस्तू पाहिली नव्हती. तांडा ती पाहायला रांगेनं येऊन गेला. डॉक्टरांनी ओठ उचलला. हिरड्या गुलाबी होऊ लागल्या होत्या.

"वाचली," ते म्हणाले.

पुढच्या पोळ्याला हरणी पुन्हा घरोघर फिरली. घराघरानं चिमूटभर गवत दिलं, आणि दिलं तेवढंच सांगितलं. शेवटी ती आपल्या दारी आली. मानीबाईनं दाण्याचं टोपलं सकाळीच भावसिंगच्या घरी ठेवायला दिलं होतं.

"घरी ठेवलं का हात राह्यत नाही माहा," ती म्हणाली, आणि हरणीच्या कानावरचा पुसलेला गेरू पुन्हा लावू लागली.