दहा फुटांची धामण

भिंतीच्या दोन दगडांमधून ती चिंधी लोंबत होती — पांढुरकी, जाळीदार, वाऱ्यावर उगाच हलणारी — आणि शिवणमावशीला आधी वाटलं, कालच्या फ्रॉकच्या बाहीची कातरण उडून इथवर आली. चिंध्या वेचायची खोड हाताला असतेच. तिनं वाकून चिमटीत धरली, ओढली, तर ती आली. आणखी ओढली, तर आणखी आली... कातरण काही एवढी येत नाही. बोटांना आधी कळलं, डोक्याला मागाहून. कापडाला उभा-आडवा धागा असतो, याला नव्हता. याला खवले होते, एकाला एक लावून बसवलेले, कुठे टाका चुकलेला नाही, आणि शिवण — शिवण तर कुठेच नाही. उभा जन्म मशीनवर काढलेल्या बाईच्या हातात बिनशिवणीचा कपडा आल्यावर जे व्हायचं तेच झालं. ती मटकन खालीच बसली.

कात. धामणीची. म्हणजे आपल्याच धामणीची, दुसरी कोण येतेय इथे.

तशी मागच्या अंगणात सापांची वस्ती भरपूर. मोरीच्या ओलीत वाळा, कुंड्यांखाली नानेटी, आणि या बिनचुन्याच्या, नुसत्या रचलेल्या दगडी भिंतीत धामण. विषाचा थेंब नाही कुणाकडे. लग्न होऊन आली तेव्हा हे कुठलं ठाऊक — पहिल्याच आठवड्यात ती सरसरत गेलेली बघून शिवणमावशी मशीनवर चढून बसली होती, मशीनवर, पाय वर घेऊन, आणि नवरा घड्याळं दुरुस्त करायचा तो तसाच बाहेर आला, एका डोळ्याला भिंग लावलेलं, त्या भिंगातूनच त्यानं भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "धामण आहे. उंदीर खाते. घर तिचं आहे, आपण भाडेकरू. उतर खाली."

उतरली ती. आणि उतरली ती गोष्टी सांगतच उतरली म्हणा ना. शेजारच्या पोस्टमास्तरांनी या धामणीला पाण्याची नळी समजून नळाला लावली आणि झाडं निम्मी भिजल्यावर नळीनं जांभई दिली, ही गोष्ट गल्लीत अजून चालते. पोस्टमास्तर स्वतःसुद्धा हल्ली तीच सांगतात. नवरा ऐकायचा, मान हलवायचा, आणि मुलाला म्हणायचा, तुझ्या आईचं बोलणं निम्मं करून ऐकायचं. घरात तो नियमच झाला. आई म्हणाली वीस माणसं जेवायला येणार, की मुलगा दहा ताटं काढायचा. तिला हे माहीत होतं, म्हणून ती दुप्पट सांगायची. कुणाचंच काही अडत नव्हतं.

पण सुनेला तो नियम कुणी सांगितलाच नाही.

सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत. तिथे आकडा म्हणजे आकडा. शिवणमावशीनं जेवताना सहज, चटणी वाढावी तसं सांगून टाकलं की मागे दहा फुटांची धामण आहे, आणि सुनेनं चमचा खाली ठेवला. तेव्हा बाळ पोटात होतं. आता ते मांडीवर आहे, सुनेची रजा संपत आलीय, आणि ठरलं होतं ते असं की नात दिवसभर आजीकडे राहणार — मशीनशेजारी पाळणा, टकटक आवाजावर पोर झोपेल, झबली तर शिवून तयारच... आज सकाळी मुलाचा फोन आला. उद्या गवंडी येईल, भिंतीची सगळी भोकं सिमेंटनं बुजवू, नाहीतर ही बाळाला पाळणाघरात ठेवायचं म्हणतेय. आज दुपारी येऊन ती स्वतः बघणार आहे.

अरे, मी वाढवून सांगितलं होतं, असं ती फोनवर म्हणाली.

ते मला माहीत आहे गं, मुलगा म्हणाला, पण ती म्हणते, निम्मा केला तरी साप सापच.

म्हणजे नात हवी तर धामण नाही. आणि भोकं बुजवायची म्हणजे — ती आत असताना? तिला कोण सांगणार, बाई, आज बाहेर राहा?

कातेचा शेवट आता हाताशी आला होता, तोंडाकडचा. तिनं तो उन्हात धरला. डोळ्यांच्या जागी दोन भिंगं. खरोखरची, गोल, फुगीर, स्वच्छ. धामण डोळ्यांवरचं कवचसुद्धा बदलते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकही गोष्ट रचताना हे सुचलं नव्हतं. त्या भिंगातून तिनं पाहिलं. अंगण धुरकट दिसलं, वाळत घातलेली झबली दिसली... असंच बघत असेल का ती आपल्याकडे? आणि तो — डोळ्याला भिंग लावून, वाकून, एवढ्याशा चाकाकडे बघत बसलेला — तो काय बघायचा, हे कधी विचारलंच नाही आपण. आपणच बोलत असायचो.

गळ्यातला टेप तिनं काढला. जमिनीवर कात सरळ केली, अलगद, साटीन सरळ करावं तशी. एक टेप संपला. दुसरा संपला. तिनं खडूनं खूण केली, पुन्हा लावला... दहा फूट. वर चार बोटं.

जन्मभर जे मनानं वाढवलं ते अंगणात पडलेलं होतं, इंचाला इंच. मग हळूहळू तिच्यातली शिंपीण जागी झाली. ही कात उलटी होती, पायातला मोजा ओढून काढावा तशी. ओढून काढलेला मोजा पायापेक्षा लांब होतोच. म्हणजे धामण असेल आठेक फूट, आणि कात टाकताना हिनं ती लांबवून ठेवली...

हीसुद्धा वाढवून सांगते की!

ती एकटीच हसली, तोंडावर पदर नाही म्हणून हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि हे कुणाला दाखवायची सोय नाही. दाखवलं की संपलं. उद्या सिमेंट. तिनं कातेची घडी घातली, तर ती एवढी मोठी कात मुठीत मावली, वजन म्हणून नाहीच, आणि मशीनच्या खणात, रिळांच्या मागे, जाऊन बसली.

दुपारी सून आली. बाळ खांद्यावर, चेहरा प्रयोगशाळेतला. ती थेट मागे गेली, सासूकडे वळून, भिंतीकडे पाठ करून उभी राहिली, आणि म्हणाली, "आई, गोष्ट नको. खरं सांगा. केवढी आहे?"

उत्तर तयार होतं. मनगटाएवढी नाही, हातभर आहे, कधीची दिसलीसुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट लहान करून सांगायची, एवढंच तर होतं, आणि नात पाळण्यात, धामण भिंतीत. तोंड उघडलं होतं तिनं — आणि तिला बाळाचा चेहरा दिसला. आईच्या खांद्यावरून मागे बघत ते थांबलं होतं. रडत नव्हतं, हसत नव्हतं. डोळे मोठे, मूठ उघडलेली, हवेत.

शिवणमावशीनं त्याच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं.

"तुझ्या मागे आहे," ती म्हणाली. "काही करत नाही ती. हळू वळ."

सून वळली. धामण वरच्या फटीतून निघून भिंतीवरून चालली होती, नवी, ओली वाटावी इतकी झळझळीत, प्रत्येक खवला आत्ताच बसवलेला. घाई नव्हती. एका दगडावरून दुसऱ्यावर ती नुसती ओतत होती स्वतःला, आणि डोकं पलीकडच्या फटीत शिरलं तरी शेपूट अलीकडच्या फटीतून निघायचंच होतं. ती येतच राहिली... जातच राहिली... मग शेपटीचं टोक आत गेलं आणि भिंत पुन्हा नुसती भिंत झाली.

सून कितीतरी वेळ त्या फटीकडे बघत होती. बाळाला तिनं घट्ट धरलं होतं, पण पाऊल मागे घेतलं नव्हतं. "आई," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही दहाच म्हणाला होतात."

शिवणमावशीला खरं माहीत होतं. आठेक. मोज्याचा हिशेब, खडूची खूण, खणातली घडी, सगळं माहीत होतं. पुढे सून काहीतरी म्हणत होती, गवंडी उद्या किती वाजता... आणि वाक्य तिथेच राहिलं, तिनं ते पुरं केलं नाही. करेल. कदाचित करेल. शिवणमावशीच्या ओठांवर एकही गोष्ट नव्हती. उन्हानं तापलेली भिंत होती फक्त, आणि आत कुठेतरी, दगडांच्या पोटात, एवढं मोठं काहीतरी गुंडाळून बसलेलं. आणि बाळ अजून फटीकडेच बघत होतं — त्याला फूट माहीत नव्हते, निम्मं करणं माहीत नव्हतं — आणि शिवणमावशी त्याच्या शेजारी उभी राहून, तसंच, तेवढंच, बघत राहिली.