हलक्या रायफलीची जड गोळी

रेइनो लाहतेलाचं मागच्या मोसमातलं हरीण अखेर सापडलं, ते डोमकावळ्यांनी दाखवलं म्हणून. गोळी पोटात, फार मागे लागली होती. ते कुठे बसलं, कुठे उठलं, ओहोळाच्या काठी पुन्हा कसं बसलं, हे सगळं त्याच्या मुलीनं, इर्मानं, बर्फातल्या खुणांवरून वाचलं. बराच वेळ जगलं होतं बिचारं. घरी येऊन तिनं बापाला एवढंच सांगितलं की सापडलं, पण मांस हाती लागण्यासारखं राहिलं नव्हतं. रेइनो म्हणाला, त्या दिवशी वारा होता. वारा नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

इर्मा काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवायची. नवरा गेलेला, मुलगी सेन्या शिकायला मिनियापोलिसला. बापाचं घर रस्त्यापलीकडेच. रेइनोनं सगळी हयात जंगलतोडीत काढली होती आणि त्याचा उजवा खांदा दोनदा फाडून शिवलेला होता. पण पंधरा नोव्हेंबरला, शिकारीच्या पहिल्या दिवशी, तो घरी बसलाय असं सुपीरियर सरोवराच्या या किनाऱ्यावर कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी इथे शाळासुद्धा बंद असतात.

यंदा पानगळ सुरू झाली तशी इर्मानं अट घातली. आधी खडीच्या खाणीत जायचं, कागदी ताटलीवर नेम धरायचा. गोळ्या ताटलीत बसल्या तर शिकार, नाहीतर नाही.

"तू जन्मायच्या आधीपासून हरणं मारतोय मी," रेइनो म्हणाला.

"मागच्या वर्षीचं धरून?" इर्मानं विचारलं.

रविवारी तो निमूट ट्रकमध्ये येऊन बसला.

त्याची रायफल त्याच्या बापाची, थर्टी-ओ-सिक्स. चांगली, जड, आणि लाथ मारणारी. बोटं आखडल्यामुळे काडतूस भरायचं काम इर्माकडे होतं. पहिल्या गोळ्या ताटली सोडून इकडेतिकडे गेल्या. रेइनो रायफलीवरच्या दुर्बिणीला शिव्या घालू लागला. तेव्हा इर्मानं त्याच्या नकळत, आधीच उडवलेलं रिकामं काडतूस आत सरकवलं. त्यानं श्वास रोखून चाप ओढला. नुसतं खट् झालं. पण नळी मात्र ओहोळावर पाणी प्यायला वाकणाऱ्या गाईसारखी खाली गेली.

रेइनो नळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पुन्हा."

तिनं पुन्हा रिकामं भरलं. या वेळी त्याला माहीत होतं, तरी नळी वाकलीच. खांद्याला लाथेची भीती इतकी बसली होती की बार व्हायच्या आधीच अंग चोरलं जात होतं. तो उठला, ट्रकमध्ये जाऊन बसला, आणि घर येईस्तोवर खिडकीबाहेर पाहत राहिला.

त्यानंतर तो कित्येक दिवस कॉफीला आला नाही. इर्मानंही हाक मारली नाही. बापाला ओढून नेता येत नाही, हे ती लहानपणीच शिकली होती. पण माघार घ्यायची नाही, हेही तिनं ठरवलं होतं. तो रागावून एकटाच निघाला असता, तर ती त्याच्या दारात ट्रक आडवा लावणार होती.

शनिवारी सौनातून, वाफेच्या न्हाणीतून, निघून तो ओल्या केसांनीच तिच्या स्वयंपाकघरात आला. पानुकाक्कूचा, भट्टीत भाजलेल्या गोड धिरड्याचा, मोठा तुकडा स्वतःच कापून घेतला आणि ताटलीत पाहत म्हणाला, "सेन्याची ती रायफल आहे का अजून?"

सेन्याची रायफल टू-फॉर्टी-थ्री होती. हलकी, कमी धक्क्याची. पोरीटोरींचं खेळणं, असं तिला नाव ठेवणारा तोच होता. इर्मा हसली नाही.

"आहे."

"धक्का सोसेल मला. पण गोळी बघ केवढीशी. हरणाच्या खांद्याच्या हाडावर बसली तर? मला पुन्हा तसलं नकोय, इर्मा. त्यापेक्षा मी घरी बसेन."

मागच्या हरणाबद्दल तो पहिल्यांदाच बोलत होता. इर्मानं खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली.

"बाबा, आवाजानं आणि धक्क्यानं हरीण मरत नाही. गोळी कुठे जाते आणि आत जाऊन काय करते, त्यानं मरतं. कुठे, ते तुमच्या हातात. काय करते, ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी ती गावातल्या ऑर्विल टर्नक्विस्टच्या हार्डवेअरच्या दुकानात गेली. त्या वर्षी काडतुसांची टंचाईच होती. ऑर्विलच्या फळीवर टू-फॉर्टी-थ्रीची एकाच जातीची खोकी उरली होती. गोळ्या हलक्या, अतिवेगवान, टोकाला रंगीत प्लास्टिक. बसतंय, उडतंय, मग अडलं कुठे, असं ऑर्विलचं म्हणणं. इर्मानं त्याला सांगितलं की या गोळ्या कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठी. लागल्या लागल्या फुटून जायचं, हेच त्यांचं काम. हरणाच्या खांद्यावर बसली तर कातड्याखालीच चुरा होईल, वरवर मोठी जखम होईल आणि हरीण ती घेऊन पळत सुटेल.

"माझा मेहुणा याच वापरतो," ऑर्विल म्हणाला.

"आणि गोळी लागलेली हरणं किती त्याच्या हाती येतात?"

ऑर्विलनं मानेमागे खाजवलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं दोन-चार दुकानांना फोन लावले. खाडीपलीकडच्या एका म्हाताऱ्याकडे जड गोळीची, शंभर ग्रेन वजनाची, दोन वेगवेगळ्या कारखान्यांची खोकी निघाली. इर्मानं ऑर्विलकडून रंगीत टोकांचंही एक खोकं घेतलं. ते कशाला, म्हणून तो बुचकळ्यात पडला. मग ट्रकवरची पाळी संपल्यावर, गारांच्या पावसात, ती खाडीला वळसा घालून गेली आणि जड गोळ्या घेऊन आली.

रेइनोला सांगून पटत नसे, हे तिला पक्कं माहीत होतं. झाड कुठे पडेल तेसुद्धा तो स्वतः खोडाला हात लावून पाहिल्याशिवाय मानत नसे. म्हणून तिनं जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे पिंपात भिजत घातले आणि खाणीत नेऊन एकामागे एक रचले. आधी रंगीत टोकाची गोळी, मग जड. दोन्ही बार तिनंच केले आणि बापाला म्हणाली, आता तुम्हीच उकला.

तो गुडघ्यांवर बसून ओला कागद फाडू लागला. हलक्या गोळीनं पहिल्या गठ्ठ्यात हंडाभर भोसका पाडला होता, पण तिथेच तिचा भुगा झाला होता. पुढचा गठ्ठा जवळजवळ कोरा. जड गोळीचं भोक सरळ खोल गेलं होतं, सगळ्यात रुंद झालं होतं ते मध्यावर, आणि गोळी मागच्या गठ्ठ्यात अळंबीसारखी फुलून बसली होती. वजनानं अजून भरदार. रेइनोनं ती तळहातावर उलटीसुलटी केली.

"ही हाड फोडून पलीकडे जाईल," तो म्हणाला.

"जाईल. फार लांबून नाही, आणि तिरकी नाही."

"ते कळतं मला."

दोन कारखान्यांपैकी एकाच्या गोळ्या सेन्याच्या रायफलीला रुचल्या नाहीत, ताटलीभर पसरल्या. दुसऱ्याच्या मात्र कॉफीच्या कपात मावतील अशा जवळजवळ बसल्या, आणि त्या रेइनोनं मारल्या होत्या. इर्मानं त्याला न सांगता मध्येच रिकामं काडतूस भरलं. खट् झालं. नळी जागच्या जागी राहिली. त्यानं वळून मुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "चावट कार्टी."

पंधरा तारखेला दोघं पहाटेच लपणात जाऊन बसली. समोर देवदारांची दाटी, मध्ये मोकळं, डावीकडे बर्चचं एक वाकडं झाड. त्या बर्चपलीकडच्या जनावरावर नेम धरायचा नाही, हे रेइनोनंच ठरवलं होतं. दुपारी एक थोरला नर आला. शिंगं अशी की गावात महिनाभर बोलणं चाललं असतं. बर्चच्या अलीकडे उभा, पण पाठ तिरकी यांच्याकडे. रेइनोनं रायफल उचलली, दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं.  नर पुढे सरकला, वळला नाही, आणि झाडीत गेला. रेइनोनं रायफल खाली ठेवली.

"मागून घुसून छातीपर्यंत जायला हवं होतं," तो कुजबुजला. "एवढं काम या गोळीला सांगायचं नाही."

 इर्माच्या हाती ती रायफल असती तर तिला मोह आवरला असता की नाही, याची तिला खात्री नव्हती.

पुढचे काही दिवस बर्फ पडला आणि इर्मा रस्त्यावर अडकली. तो ओसरल्यावर दोघं पुन्हा गेली. ऊन कलताना बोटभर शिंगांचा एक तरुण नर मोकळ्यात आला आणि पूर्ण आडवा उभा राहिला. रेइनोनं घाई केली नाही. पुढचा पाय एक पाऊल पुढे जाऊ दिला. मग बार झाला.

नरानं मागच्या पायांनी लाथ झाडली आणि सरळ देवदारांत घुसला.

 रेइनो उठायला लागला. इर्मानं त्याच्या बाहीला धरलं. "बसा. उठवू नका त्याला. नेम कसा होता?"

"चांगला होता." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "चांगला होता, इर्मा." हातात थर्मासचं झाकण होतं, पण कॉफी ओतायचं त्याला सुचत नव्हतं. झाडीत काही मोडल्याचा आवाज येतो का, म्हणून तो कान देऊन बसला होता. काहीच येत नव्हतं.

वाट पाहून झाल्यावर दोघं लपणातून बाहेर पडली. मोकळ्यात बर्फावर रक्त होतं, लालभडक, फेसाळ. फुप्फुसाचं. इर्मानं बोट दाखवलं, रेइनोनं मान हलवली. झाडीत शिरताच, पहिल्याच पडलेल्या खोडाच्या मागे, नर आडवा होता. डोळा उघडा, त्याच्यावर बर्फाचे दोन कण, न वितळलेले. पुन्हा उठायचा प्रयत्न केल्याची एकही खूण आजूबाजूला नव्हती. धावता धावता पडला होता, तिथेच संपला होता.

रेइनोनं टोपी काढली आणि उभा राहिला. मग वाकून त्यानं बोटानं आधी एका बाजूचं छिद्र शोधलं, मग पलीकडचं.

"आरपार," तो म्हणाला. 

इर्मानं बाह्या वर सारून सुरी काढली. आतून वाफ आली. फुप्फुसं दोन्ही गेली होती, पोटाला धक्का नव्हता, मांस स्वच्छ. यकृत तिनं पिशवीत टाकलं. घरी गेल्यावर कांद्यावर परतायचं होतं.

घसरगाडीला नर बांधून झाल्यावर ती दोर खांद्यावर घेणार, तोच रेइनोनं एक टोक धरलं, डाव्या हातानं. ती म्हणाली, राहू द्या, चढ आहे. त्यानं ऐकलं नाही. दर थोड्या अंतरावर तो थांबायचा, धापा टाकायचा. तीही थांबायची आणि दोर नीट करण्याचं निमित्त काढायची.

"दमलीस?" तो विचारायचा.

"थोडी."

"मग बस दोन मिनिटं. मला काही घाई नाही," तो म्हणायचा, आणि पुन्हा दोर हाताला गुंडाळायचा.