पुसलेली फुसफुस

अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात योगेश शिकवायचा. हृदयाचे ठोके रेकॉर्ड करायचे आणि कम्प्युटरवर त्या आवाजाची चिरफाड करायची, हा त्याचा अभ्यास. आज पडद्यावर मामेबहीण आचलचे ठोके होते. लब, डब, आणि दोहोंच्या मध्ये, जिथं शांतता पाहिजे, तिथं फुसफुस.

"मामाजी, झडप नीट मिटत नसावी. हिले डॉक्टरले दाखवा."

आचलचे वडील, भातकुलीचे फुलवाले नत्थुजी उखडले. "पोरीले दम लागते म्हनून तेल्हाऱ्याच्या सोयऱ्यायच्या कानावर कोनीतरी घातलं. त्यायले काळीज चांगलं असल्याचा कागद पाहिजे. फुसफुस पुसता येते न?"

"येते, पन..."

"मंग पुस. लगन झाल्यावर पाहून घेतीन ते."

वा रे बाप! झेंडूवर एक डाग दिसला की हा माणूस कृषी केंद्राकडे धावतो. पोरीचं दुखणं मात्र सडक्या फुलांवर ताजी फुलं रचून टोपली खपवावी, तसं खपवायला निघाला.

आणि योगेश? तो त्याहून गयागुजरा. मामानं पैसे भरून शिकवलं म्हणून मान खाली घातली, फिल्टर लावला आणि कापसातली सरकी काढावी तशी फुसफुस काढून फेकली. मध्ये उरली सरळ रेघ.

शेजारी बसलेल्या आचलनं हेडफोन ओढून घेतला. आधीचा आवाज ऐकला, मग नवा.

"दादा, हे कोनाचं काळीज हाय?"

"तुहंच."

"खोटं. जिना चढली की छातीत काय होते, मले मालूम हाय. तू आवाज पुसला. झडप शिवली काय?"

"तू चूप बस," नत्थुजी खेकसले. "तुह्या भल्यासाठीच करून राहिलो."

"हो न बाबा. उद्या बाळंतपनात मेली, तं हाच कागद दाखवजा सोयऱ्यायले. म्हना, पोरगी चांगलीच होती."

 योगेशला स्वतःच्या विद्येची किळस आली. त्यानं साफ केलेली फाइल उडवली, मूळ आवाजाचा कागद छापला आणि खाली सही ठोकली.

"मामाजी, द्यायचा तं हा द्या."

नत्थुजींनी कागद हातात धरला. फुसफुशीच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "डॉक्टर कवा भेटते?"

"अन् सोयरे?" योगेशनं विचारलं.

"पोरगी तपासून राहिलो म्हनून सांगतो. थांबले तं थांबले."

लोकहो, आजार लपवून पोरगी उजवणं म्हणजे तिला फसवून मरणाच्या दारात सोडणं. आणि त्या पापाला कागद पुरवणारं शिक्षण चुलीत घाला. दुखणं पडद्यावरून पुसता येतं, छातीतून नाही.