पलीकडे शेजारी राहतात

मी एक दरवाजा बोलतोय. दरवाजा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे बेल, नावाची पाटी, झेंडूचं तोरण असलं काहीतरी येईल. तसला मी नव्हे. माझ्यावर कुणाचं नाव नाही, आणि दूधवाला, कुरिअरवाला मला ओळखतसुद्धा नाहीत. मी दोन घरांच्या मधला दरवाजा. ठाण्याला कोपरीतल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन भावांच्या फ्लॅटमधली भिंत फोडून मला बसवलं, तेव्हापासून मी इथे उभा आहे.

माझा जन्म मात्र या जागचा नाही. मी मुळात देवयानीच्या स्वयंपाकघराचा दरवाजा. त्याचं असं झालं, थोरल्या भावाचा फ्लॅट आधीपासून होता. त्यांना सगळे भाऊच म्हणतात. धाकट्या प्रफुल्लचं देवयानीशी लग्न ठरलं, तेव्हा नेमका शेजारचा फ्लॅट विकायला निघाला आणि प्रफुल्लने तो घेतला. नवी नवरी घरात आली. महिनाभर दोन घरांत दोन कुकर लागले आणि आमटीच्या वाट्या झाकून जिन्यातून ये-जा झाली. मग भाऊंची बायको उत्तरा एक दिवस म्हणाली, "हा काय खुळेपणा? चूल एकच ठेवू. भिंत पाडा."

भिंत पाडली. सोसायटीला विचारायचं कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही. देवयानीच्या स्वयंपाकघराची झोपायची खोली झाली, आणि धाकू मिस्त्रीने बिनकामाच्या झालेल्या मला उचलून त्या भगदाडात बसवलं. मी ती बढतीच समजलो.

मी देवयानीच्या बाजूला उघडायचो. उघडलो तो उघडलोच, मिटायचं काम मला कुणी दिलंच नाही. माझ्या पाठीवर खिळे ठोकून त्यांवर बाजाराच्या पिशव्या, प्रफुल्लची छत्री, अपूर्वचं दप्तर असा संसार टांगला होता. अपूर्व हा भाऊ-उत्तराचा मुलगा. देवयानीला मूल झालं नाही. पण अपूर्वच्या नापास झालेल्या चाचण्या, मारामाऱ्या, पुढे कॉलेजातली भानगड, सगळं आधी माझ्यातून काकूकडे जायचं आणि मग सोयीने आईला कळायचं. प्रफुल्ल अचानक गेला, तेव्हा उत्तराने आपली गादी देवयानीच्या खोलीत टाकली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, तरी तिने ती कितीतरी दिवस हलवली नाही.

माणसांची एक खोड मी पाहिली आहे. ज्या दारातून ती दिवसातून शंभरदा जातात, ते दार त्यांना दिसतच नाही. मला त्याचं वाईट वाटत नसे. न दिसण्यातही एक मान असतो.

मग भाऊंचे गुडघे गेले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. गेल्या वर्षी त्यांना दवाखान्यात न्यायचं तर चार जणांनी खुर्चीत बसवून खाली उतरवलं. भाऊ खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि देवयानी त्यांच्या चपला हातात घेऊन मागून उतरत होती. अपूर्व लग्न करून कल्याणला राहायला गेला होता. त्याने त्याच आठवड्यात विषय काढला. फोन स्पीकरवर होता, कारण भाऊंना कानानेही दगा द्यायला सुरुवात केली होती.

"बाबा, माझ्याच बिल्डिंगमध्ये फर्स्ट फ्लोअरला फ्लॅट आहे. लिफ्ट आहे, समोर दवाखाना आहे. कोपरीचा विकून टाका ना. मी मागेपण बोललेलो."

"आणि काकू?" भाऊंनी विचारलं.

"काकूला सांगू हो बाबा. आधी पार्टी फायनल होऊ दे. आत्ताच कशाला तिला टेन्शन?"

उत्तराने फोनचा आवाज कमी केला. मी मात्र दोन्हीकडे होतो. माझ्या दुसऱ्या बाजूला देवयानी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने एक साडी घडी केली, मोडली, परत घडी केली. मग तीच साडी पुन्हा हातात घेतली.

त्या दिवसापासून या घरात एक विचित्र खेळ सुरू झाला. उत्तराला सांगायचं होतं आणि धीर होत नव्हता. देवयानीला सगळं कळलं होतं आणि ती त्यांनी सांगण्याची वाट पाहत होती. उत्तरा रोज माझ्या चौकटीशी यायची, "देवयानी, अगं..." म्हणायची, आणि मग "उद्या कोथिंबीर आण" असं काहीतरी सांगून परत फिरायची. कोथिंबिरीच्या जुड्या फ्रीजमध्ये सडायला लागल्या. हळूहळू देवयानी जेवायला येईनाशी झाली. कधी भूक नाही, कधी ऑफिसात खाऊन आले.

"हिचं काय बिनसलंय कोण जाणे," उत्तरा भाऊंना म्हणायची.

अशा वेळी मला स्वतःचाच राग यायचा. लाकडाला जीभ नाही म्हणून गप्प बसावं लागतं हे ठीक. पण जीभ असणारी दोन शहाणी माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसली, तर त्यांना काय म्हणावं?

गिऱ्हाईक मिळालं. कळव्याला भाड्याने राहणारं तरुण जोडपं, संदेश आणि संचिता. देवयानी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेब बघते, म्हणून मुद्दाम तिच्या कामाच्या दिवशी दुपारी त्यांना बोलावलं. ते यायच्या थोडं आधी उत्तरा माझ्यापाशी आली. तिने माझ्या पाठीवरच्या पिशव्या काढून देवयानीच्या पलंगावर ठेवल्या, आपल्या बाजूला परतली आणि माझी मूठ धरून मला ओढलं.

इतक्या वर्षांत मी कधी मिटलो नव्हतो. चौकट माझी राहिली नव्हती आणि मी चौकटीचा. मी करकरलो, फरशीला घासलो, अडलो. उत्तराने दोन्ही हातांनी हिसका देऊन मला बसवलं.

आणि नेमकी त्याच दिवशी वागळे इस्टेटची लाईट गेली. कंपनीने सगळ्यांना लवकर सोडलं. देवयानी आपल्या दाराने आत आली, पर्स ठेवली, आणि मला मिटलेला पाहून जागीच थांबली. पलंगावरच्या पिशव्यांकडे तिचं लक्ष गेलं. ती जवळ आली, माझ्यावर तळहात टेकला. ढकललं नाही.

पलीकडे संचिता घर बघत बघत माझ्यापर्यंत आली होती. "काकू, हे दार कुठे जातं?"

"ते होय? ते बंदच असतं," उत्तरा म्हणाली. "पलीकडे शेजारी राहतात."

"मग विटा घालून पॅक करून द्याल ना?" संदेश म्हणाला. "बँकवाला व्हिजिटला येणार. दोन फ्लॅट आतून जॉइन दिसले तर तो लोन देणार नाय."

"देतो, देतो करून," भाऊ घाईने म्हणाले.

माझ्यावरचा तळहात निघाला. मला वाटलं, आता ही रडणार. तसं काही झालं नाही. देवयानी आपल्या बाहेरच्या दाराने पॅसेजमध्ये गेली आणि पुढच्याच क्षणी भाऊंच्या घराची बेल वाजली. उत्तराने दार उघडलं असणार, कारण कडी वाजली.

"नमस्कार," मला देवयानीचा आवाज ऐकू आला, अगदी मऊ. "घर बघायला आलात ना? छान आहे घर, उजेड भरपूर येतो. मी शेजारीण. काही लागलं तर सांगा हं."

पाहुणे गेल्यावर वादळ उठलं.

"शेजारीण?" उत्तराचा आवाज चिरकला. "परक्या माणसांसमोर शेजारीण म्हणालीस स्वतःला?"

"मी कुठे म्हणाले वहिनी? तुम्ही म्हणालात. मी फक्त री ओढली."

"अगं, त्या वेळी तोंडातून..."

"घरातल्या माणसाला घर विकताना आधी सांगतात. शेजाऱ्याला नंतर कळलं तरी चालतं."

"देवयानी, चूक माझी आहे," भाऊ म्हणाले. "रद्द करतो मी सगळं. नाही विकायचं."

"का रद्द करायचं? तुम्हाला पुन्हा खुर्चीत घालून उतरवायचं का? घर विकायला माझी ना नव्हतीच, भाऊ. मला विचारलं असतंत तर मीच तुमच्याबरोबर कल्याणला जागा बघायला आले असते."

ती आपल्या घरी आली, तीसुद्धा बाहेरच्या दाराने. मी मिटलेलाच राहिलो. पुढचे कितीतरी दिवस मला कुणी हात लावला नाही. अलीकडे एकीच्या पावलांचा आवाज यायचा, जवळ यायचा, थांबायचा आणि दूर जायचा. पलीकडे दुसरीचं तेच. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. मी दरवाजा असून मला तसूभर फिरता येत नव्हतं. अपूर्व एकदा कल्याणहून आला, दोन्ही घरांत बसला, दोन्हीकडे समजूत घालायला गेला आणि दोन्हीकडून बोलणी खाऊन परत गेला.

गोविंदा गवंडी सकाळी येणार असं ठरलं. विटा खाली येऊन पडल्या. आणि आदल्या संध्याकाळी उत्तराने मला खांद्याने रेटून उघडलं.

तिच्या हातात तांब्याचं ताम्हन होतं. देवयानी पलंगावर बसली होती, उठली नाही.

"चूल वेगळी होणार, तर देव वेगळे मांडावे लागतील," उत्तरा जमिनीकडे बघत म्हणाली. "कुलदेवांचे टाक आमच्याकडे राहतील, थोरल्याकडे असतात म्हणून. पण तुझी अन्नपूर्णा तुझ्या माहेरची. ती तुझ्याकडे हवी."

आमच्याकडे लग्नात मुलीला माहेरहून पितळेची छोटी अन्नपूर्णा देतात. उत्तराने आपली आणली होती, देवयानीने आपली. दोघी एकाच देवघरात शेजारी शेजारी बसल्या, एकाच चिंचेने घासल्या गेल्या, एकाच तुपाच्या दिव्याने काळवंडल्या.

"ठेवा," देवयानी म्हणाली.

"ठेवते. पण तुझी कोणती?"

देवयानीने ताम्हनात पाहिलं. एक मूर्ती उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. दुसरी उचलली. "ही... नाही. माझीच्या हातातल्या पळीचं टोक वाकडं होतं."

"माझीच्या पळीचं होतं वाकडं," उत्तरा म्हणाली.

दोघी ताम्हनावर वाकल्या. दोन्ही मूर्तींच्या पळ्या झिजून बोथट झाल्या होत्या. नाक-डोळे तर केव्हाच पुसले गेले होते. बराच वेळ त्या मूर्ती उलटसुलट करत राहिल्या, आणि शेवटी उत्तरा मटकन पलंगावर बसली आणि रडायला लागली.

"बंदच असतं, म्हणाले गं मी. जीभ कशी रेटली माझी? रोज ठरवत होते तुला सांगायचं. तुझं तोंड बघितलं की वाटायचं, प्रफुल्लनंतर आता आम्हीही हिला टाकून चाललो."

देवयानी तिच्याजवळ बसली. "कल्याणला जाऊ नका, असं मी म्हणणार नव्हते, वहिनी. पण मला म्हणावंसं वाटत होतं. ते म्हणायला तरी मिळायला हवं होतं."

"आता म्हण."

देवयानीने तिचा हात धरला. "कल्याणला जाऊ नका."

"जावं लागेल गं."

"माहीत आहे मला."

मग दोघींनी डोळे मिटून एकेक मूर्ती उचलली. जी हाताला लागली ती तिची.

सकाळी गोविंदाने भाऊंच्या बाजूने विटा चढवायला घेतल्या. मूळची भिंत जाड होती आणि त्याने नवी एकेरी विटांची चिणली, त्यामुळे देवयानीच्या बाजूला माझ्या मागे एक उथळ कोनाडा उरला. "ताई, हा दरवाजा भंगारात देऊन टाकू का?" त्याने विचारलं. देवयानी म्हणाली, "राहू दे. मागे एक फळी मारून द्या." त्या फळीवर तिने अन्नपूर्णा ठेवली.

तर आता माझी ही अवस्था. मला उघडलं की कुणी कुठे जात नाही, समोर देव आणि देवांमागे भिंत. भिंतीपलीकडे संचिताचा कुकर शिट्ट्या देतो. भली माणसं आहेत ती, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. घरं विकावी लागतात, हे मला या वयात कळतं. माणसांचे गुडघे आमच्यापेक्षा लवकर कुरकुरतात. फक्त एक मागणं आहे. भिंत घालायची तर खुशाल घाला, पण तिच्याआधी आतल्या माणसाच्या तोंडावर दार लावू नका. भिंत सोसते माणसाला, लावलेलं दार नाही सोसत.

परवा उत्तरा आली होती, कल्याणहून एकटीच. हातात डब्याची पिशवी. गप्पांच्या नादात "थांब, मी चहा टाकते" म्हणाली आणि सवयीने सरळ येऊन मला उघडून आपल्या स्वयंपाकघरात निघाली. समोर अन्नपूर्णा. उत्तराने मूर्ती उचलून डोळ्यांजवळ नेली, पदराने पुसली, आडवी धरून बघितली.

"देवयानी, ही माझीच आहे गं. नक्की माझी. तिकडे आहे ती तुझी."

"मग न्या बदलून. त्यात काय."

उत्तराने मूर्ती फळीवर ठेवली, जराशी सरळ केली.

"नको," ती म्हणाली. "अपूर्व दर वेळी विचारतो, आई, एवढ्या लांब सारखी सारखी कशाला जातेस? त्याला सांगायला मला काहीतरी हवं ना."