आउट म्हणण्याआधी

नीलांबरीबाईंनी आयुष्यात दोनच माणसांना क्रिकेट सांगितलं. पहिले त्यांचे यजमान गुरुनाथराव, ज्यांचे डोळे साखरेनं नेले. दुसरा त्यांचा मुलगा अनीश, ज्याचे डोळे शाबूत होते.

गुरुनाथरावांना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी टीव्हीचा आवाजच बंद करायला लावला. "तो माणूस ओरडतो फार आणि सांगत काहीच नाही," म्हणाले. "तू सांग." मग नागपूरच्या घरी, गवार मोडता मोडता, बाई सांगायच्या. बोलर घाम पुसतोय. मिडऑनला तो नवा पोरगा आहे, टोपी मोठी झालीय त्याला. आला, टाकला, ढकलला, एक. सुरुवातीला त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण समोरचा असा जिवाचा कान करून बसला की बोलणाऱ्याला येतं सगळं. खोड एकच होती. आपला गडी बाद झाला की शब्द लगेच निघायचा नाही. श्वास आत जायचा, तिथेच अडकायचा, आणि मग अगदी हळू, झोपलेल्या पोराला गादीवर ठेवावं तसा बाई 'आउट' ठेवायच्या.

गुरुनाथराव गेले. पुढे दोन-तीन वर्षांनी अनीशनं आईला अमेरिकेत, फ्रीमाँटला आणलं.

सून राधिका स्वभावानं चांगली, पण सकाळी उठून फ्रीवेला लागायची ती अंधार पडायच्या बेताला परत. नात रुही कॉलेजच्या उंबरठ्यावर. "हाय आजी, आय ॲम सो लेट" म्हणत आजीच्या गालाला गाल लावून पसार. अनीश मात्र घरीच असायचा. जानेवारीत त्याच्या कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तो गेला. वरच्या खोलीचं दार लावून बसायचा. जेवायला यायचा आणि 'हं' म्हणायचा. निरनिराळ्या प्रकारे 'हं' म्हणता येतं हे बाईंना तिथेच कळलं.

एका सकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, बाबांना सांगायचीस तशी मला मॅच सांगशील?"

बाईंनी आनंदाच्या भरात वरणात दोनदा मीठ घातलं. जेवताना कोणी काही बोललं नाही, कारण त्या घरात जेवताना कोणी काही बोलतच नव्हतं.

उन्हाळ्यात तिकडे क्रिकेटची लीग असते. घरापासून तासाभरावर मैदान. अनीशनं आईला सगळ्या मॅचेसचा पास काढून दिला, गळ्यात अडकवायचा. स्वतः गाडी पार्क करून गाडीतच थांबणार. "जॉब गेल्यापासून गर्दी नको वाटते," म्हणाला. "मी इंटरव्ह्यूची तयारी करतो, तू कानात सांगत राहा." राधिकालाही बरं वाटलं. "तेवढंच मन रमतं त्याचं, आई. तुमच्यामुळे घराबाहेर तरी पडतो."

साडी, खाली स्पोर्ट्स शूज, वर स्वेटर, कानात अनीशनं घातलेली फोनची ती पांढरी बोंडं. बाई आपल्या जागेवर बसल्या आणि सुरू झाल्या. "ढग नाहीत. एक बाई भाच्याला की मुलाला घेऊन आलीय, त्याच्या तोंडावर वाघ रंगवलाय. निळेवाले बॅटिंगला येतायत. त्या पहिल्याची चाल बघ, लग्नात उशिरा आलेल्या काकांसारखी—"

"आई, फक्त काय झालं ते. एक, दोन, चार, सहा, आउट. झालं की त्याच क्षणी. बाकी काही नको यार."

आईला यार म्हणाला. पण म्हणाला तरी.

शेजारच्या खुर्चीवर डॉक्टर कुमार असायचे. रिटायर झालेले, मूळचे दादरचे, चाळीस वर्षं इथे. खारे दाणे आणायचे आणि रांगेत सगळ्यांना वाटायचे. तिसऱ्या का चौथ्या मॅचला त्यांना राहवलं नाही.

"वहिनी, आकाशवाणीवर होतात का हो तुम्ही?"

"मुलाला सांगते."

"घरी टीव्ही नाही त्याच्या?"

"इथेच आहे. पार्किंगमध्ये."

डॉक्टरांचा दाण्यांचा हात तोंडाशी थांबला. इकडेतिकडे बघत ते पुढे झुकले. "जरा हळू बोला मग. वहिनी, लोक घरी बघतात ना, ती मॅच शिळी असते. पाच-सात सेकंदांनी शिळी. आणि तिकडे नेटवर एक्स्चेंज आहे, शेअरबाजारासारखा. निळे जिंकणार, याचा भाव चेंडूगणिक वरखाली होतो. ज्याला मैदानातली ताजी बातमी मिळते तो बाकीच्यांच्या आधी विकून मोकळा. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलंय, असं करायला मनाई आहे. गेल्या वर्षी आपल्याच रांगेत एक मराठी मुलगा बसायचा, मांडीवर लॅपटॉप घेऊन. सिक्युरिटीनं उचलला. पास कायमचा बंद. चांगल्या घरचा वाटत होता हो."

"असेल," बाई म्हणाल्या. मग कानातल्याला म्हणाल्या, "चार."

परतीच्या वाटेवर त्यांनी सरळ विचारलं. "अनीश, हा सट्टा आहे का?"

"ट्रेडिंग आहे, आई." तो चिडला नाही, उलट हुशारला. "सट्टेवाल्याला कोण जिंकणार याची पडलेली असते. मला अजिबात नाही. विकेट गेली की भाव पडतो. तू मला आधी सांगतेस, मी पडायच्या आत विकतो, पडला की परत घेतो. चौकार-षटकाराला उलटं. थोडं थोडं करत दोन्हीकडून हिरवं करायचं आणि मॅच संपायच्या आत बाहेर पडायचं."

"हिरवं म्हणजे?"

"फायदा असला की स्क्रीनवर हिरवं दिसतं. निळे जिंकले तरी हिरवं, केशरी जिंकले तरी हिरवं. शेवटपर्यंत थांबायचं नाही, हा पहिला नियम."

"आणि मी कोण यात?"

"तू माझा फास्टेस्ट फीड. सगळ्यांत ताजी बातमी." आणि तो हसला. जानेवारीनंतर पहिल्यांदा. गालाला ती खळी पडली, जी बाईंना वाटत होतं इमिग्रेशनवाल्यांनी काढून घेतली.

"गेल्या वर्षी हाकललेला तूच ना?"

"साडीतल्या आईवर कोण संशय घेणार?"

"राधिकाला सांगितलंयस?"

"सांगणार आहे. जरा सेट होऊ दे."

तिथेच बाईंनी म्हणायला हवं होतं की पुढच्या वेळी मी येत नाही. मनात जुळवलंही होतं. पण मॅच म्हणजे तीन-साडेतीन तास, आणि तेवढा वेळ मुलाचा श्वास कानात ऐकू यायचा. तान्हा असताना पाळण्याशी वाकून ऐकायच्या, तसा. मध्येच पाणी प्यायचा तेही कळायचं. बाईंनी पुढच्या मॅचला स्वेटर आठवणीनं घेतला.

फक्त त्यांची खोड त्याला चालेना.

"आई, तू आउटला थांबतेस."

"वाईट बातमी आहे रे, एकदम कशी—"

"वाईट-चांगलं काही नसतं यात. विकेट म्हणजे भाव हलला, एवढंच. मला दोन्ही सारखं. फटकन सांग."

बाईंनी स्वतःला वळण लावलं. कंडक्टर स्टॉपचं नाव ओरडतो तशा ओरडू लागल्या. आउट! शेजारच्या रांगेतल्या लोकांना वाटायचं, म्हातारी केशरीवाल्यांची कट्टर आहे.

जुलै अर्धा सरला आणि काहीतरी बिघडलं. दोन रांगा पुढे एक बाई येऊन बसू लागली. हात कायम जाकिटाच्या खिशात, आणि दर चेंडूला खिसा हलायचा. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या बिरादरीतली." मग पलीकडच्या स्टँडमध्येही तसेच दोघं दिसले. बातमी आता सगळ्यांकडेच ताजी होती. कानातला श्वास आखूड झाला. आणि एके दिवशी अनीशनं विचारलं, "किती हवेत त्यांना?"

बाईंनी सांगितलं. आजवर त्यानं हे कधीच विचारलं नव्हतं. आता त्याला कोण जिंकतं याची पडली होती.

फायनलच्या दिवशी पार्किंगमध्ये त्यानं इंजिन बंद केलं, पण आईच्या बाजूचं दार उघडलं नाही. स्टीअरिंगकडे बघत बोलला. त्यानं स्वतःच्या रिटायरमेंटसाठी साठवलेले पैसे लीगच्या आधीच, मे-जूनमध्ये, घरी बसून शिळ्या मॅचेसवर संपले होते. आता एक्स्चेंजवर होते ते रुहीच्या कॉलेजचे. सगळे. निळ्यांवर.

"थोडं थोडं म्हणाला होतास."

"थोड्यानं भरून निघत नाही आता. आज निळे वर आले की विकतो आणि थांबतो. कायमचं. राधिकाला कळायचीही गरज नाही. बाबांची शपथ, आई."

"त्यांना मधे घेऊ नकोस," बाई म्हणाल्या आणि स्वतःच दार उघडून उतरल्या.

त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांचे दाणे घेतले नाहीत. केशरीवाल्यांनी पुष्कळ धावा केल्या होत्या. निळे आधी रखडले, मग एकदम उसळले. सहा. चार. सहा. कानात अनीश 'येस' म्हणत होता, दातांमधून. ऊन तिरपं झालं, मैदानावर खांबांच्या सावल्या पडल्या, आणि निळे अगदी टप्प्यात आले.

"विक ना रे आता," बाई म्हणाल्या. सबंध मोसमात त्यांनी पहिल्यांदा सल्ला दिला. "भाव आला असेल चांगला."

"आलाय. अजून थोडा, आई."

"नियम काय होता तुझा?"

"आई, प्लीज. मॅच सांग."

एक गडी गेला. बाईंनी फटकन सांगितलं. भाव पडला, पण त्यानं विकलं नाही. वर येईल म्हणाला. आणखी एक गेला. शेवटची जोडी मैदानात आली. त्यातल्या धाकट्याचं हेल्मेट सैल होतं, ते पुन्हा पुन्हा सारखं करत होता. बाईंनी ते सांगितलं नाही.

"किती?"

"दोन चेंडू. चार हवेत."

स्टँडमध्ये ढोल वाजत होते. बोलर धावत आला. पोरानं डोळे मिटून घुमवावी तशी बॅट घुमवली, आणि चेंडू उठला.

"उंच," बाई म्हणाल्या. "उंच गेलाय रे."

सगळं मैदान उभं राहिलं. सीमेच्या दोराशी एक केशरी गडी मागे मागे जात होता. डॉक्टर पुढे आले, त्यांच्या खांद्यावरून बाईंना दिसलं. त्या गड्यानं हात वर केले, आणि चेंडू त्यात येऊन बसला. गोंगाट असा झाला की जिंकणाऱ्यांचा आणि हरणाऱ्यांचा वेगळा काढता येऊ नये.

बाईंचा श्वास आत गेला.

तिथेच अडकला. कानात अनीशचाही थांबलेला होता. डोळ्यांसमोर दोर नव्हता, मैदान नव्हतं. सोफ्याच्या हातावर गुरुनाथरावांचा हात होता, बोटं किंचित उचललेली, ऐकायला. दोन रांगा पुढचा खिसा हलला. बाई बोलल्या नाहीत. केशरी गडी दोन्ही हात पसरून धावत सुटला, त्याच्यावर दुसरे पडले, आणि मग बाईंनी अगदी हळू तो शब्द ठेवला.

"आउट."

पलीकडे जरा वेळानं दूरवर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला.

बाई पार्किंगमध्ये पोचल्या तेव्हा लॅपटॉप मागच्या सीटवर पालथा पडला होता. अनीशनं गाडी काढली. फ्रीवेवर जागोजागी गाड्या तुंबल्या होत्या. पुढच्या गाडीच्या खिडकीतून केशरी झेंडा फडकत होता आणि तो सुटून निघून जायला रस्ताच नव्हता.

"तू थांबलीस," तो म्हणाला.

"हो रे."

रागावला असता तर बरं झालं असतं. "बाबा गेले त्या आठवड्यातली मॅच आठवते? तू त्यांना सांगितलंस, आपण जिंकलो."

"रात्रभर तळमळत राहिले असते. म्हणून सांगितलं."

"दुसऱ्या दिवशी मी फोनवर त्यांना म्हटलं, बाबा, हरलो आपण. म्हणाले, ठाऊक आहे. म्हणाले, तुझ्या आईचा श्वास अडकला की मला कळतं, विकेट गेली. काल तर सारखाच अडकत होता बिचारीचा. तिला सांगू नकोस, एवढं जीव तोडून खोटं बोलते."

बाईंनी पदर तोंडाशी धरला. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आंधळे ते होते.

"म्हणजे मलाही कळलं होतं, आई," अनीश म्हणाला. "तू श्वास घेतलास तेव्हाच. बोट बटणावर होतं. बाकी लोकांना चेंडू अजून हवेतच दिसत होता. सगळे पैसे नाही, पण निम्मेअधिक सुटले असते."

"मग दाबलं का नाहीस?"

त्यानं इंडिकेटर दिला आणि एक्झिट घेतली. "तू अजून म्हणाली नव्हतीस ना."

घरी गराजचं दार वर गेलं. आतून फोडणीचा वास आला. अनीशनं इंजिन बंद केलं आणि तसाच बसून राहिला, पट्टाही न सोडता.

"आई, तू सांग तिला. मला नाही जमणार."

बाई एकट्याच आत गेल्या. राधिका ओट्यापाशी उभी होती, ऑफिसच्याच कपड्यांत, कढईत डाव फिरवत. जिन्यावरून रुहीचं हसणं ऐकू येत होतं, फोनवर कुणाशी तरी.

"आलात? कशी झाली हो मॅच?" राधिकानं मागे न बघताच विचारलं. "आणि हा कुठे राहिला?"

नीलांबरीबाईंनी श्वास घेतला.

डाव थांबला. राधिका वळली, त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग हात मागे नेऊन तिनं गॅस बंद केला.

"रुहीच्या कॉलेजचेही पैसे गेले?" तिनं विचारलं.